खिंडीतले तीन ठोके

"तीन ठोके मारायचे, मग शंभरपर्यंत मोजायचं, मग पुन्हा तीन," मेहरचंद म्हणाला आणि त्यानं हातोडा माझ्या हातात दिला. "रेंगाळत मोजायचं नाही, बीबीजी. घाईनंही नाही. चढावर चालणाऱ्याचा श्वास असतो ना, तसं."

"किती वेळ?"

"आम्ही परत येईपर्यंत."

"आणि नाही आलात तर?"

हे मी त्याला नाही, यशोधनला विचारलं. तो कमरेला दोर बांधत होता आणि त्याला गाठ जमत नव्हती. मेहरचंदनं त्याचे हात बाजूला सारले आणि स्वतः गाठ मारली, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बुटाची मारावी तशी.

"सुलू, तासाभरात येतो. सावनी झोपलीय, तू उगाच—"

"ती झोपलेली नाहीये. गप्प आहे. त्यात फरक असतो."

यशोधन हसला. टोपी कानावर ओढून तो मेहरचंदच्या मागे उंबऱ्याबाहेर पडला. सहा पावलांवर दोघे दिसेनासे झाले. मी मोजली होती पावलं.

सप्टेंबरचा शेवट होता, दुपारचे दोन वाजले असतील. दहाच मिनिटांपूर्वी ढग मधूनच फाटला होता आणि वरच्या उतारावर दोन माणसं दिसली होती. एकामागे एक, दोन काळे ठिपके. मेहरचंदनं पाहिली, मीही पाहिली. मग सगळं पुन्हा पांढरं झालं. बर्फ वरून पडत नव्हतं, आडवं अंगावर फेकलं जात होतं. "वाट सोडून डावीकडे चाललेत," मेहरचंद म्हणाला होता. "तिकडे कडा आहे." आणि दोर काढला होता.

चोवीस वर्षं झाली या गोष्टीला. यशोधन तेव्हा हिमाचलातल्या खिंडींमधल्या सरायांचा इतिहास लिहीत होता. सराई म्हणजे दगडाची एक खोली, लाकडी छप्पर, मधोमध चूल. वादळात सापडलेल्यानं शिरावं म्हणून बांधलेली. दोन वर्षं तो खिंडीमागून खिंडी पालथ्या घालून भिंतींची जाडी मोजत होता, म्हाताऱ्यांना विचारत होता, ही कुणी बांधली, का बांधली. कुगलूच्या सराईची, म्हणजे आम्ही होतो तिचीच, कथा त्याची सगळ्यात लाडकी. पूर्वी तिथे नुसती एक कपार होती. एका शरदात लोकर वाहणारी अकरा माणसं वादळात सापडली आणि उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर मिळाली. शेवटचा माणूस कपारीपासून साठ पावलांवर होता. त्यानंतर खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या गावांनी, जी एकमेकांच्या घरचं पाणीही पीत नसत, तीन उन्हाळे दगड वाहिले. आणि कुणीतरी खालच्या मैदानातून आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा पाठीवर घालून आणला आणि दारापुढच्या तुळईला टांगला. आल्प्समधल्या मठांतून धुक्यात घंटा वाजवत, तसा इथे हा रूळ. "घर बांधलं की काम संपत नाही," मेहरचंदचे वडील म्हणायचे म्हणे, "घर सापडलं पाहिजे." वडिलांनंतर राखणदारी मेहरचंदकडे आली.

मी का गेले? सासूबाई फोनवर म्हणाल्याच होत्या, "नऊ महिन्यांचं पोर घेऊन डोंगरात? शिकलेली ना गं तू?" शिकलेली होते म्हणूनच गेले. माणूस कशाकशानं मरू शकतो याची यादी माझ्या डोक्यात कायम तयार असायची, आणि यशोधन नजरेआड झाला की ती लांबत जायची. खालच्या गावात भाड्याच्या खोलीत बसून ती वाचत राहण्यापेक्षा वर आलेलं बरं, असं मला वाटलं.

मी ठोके मारू लागले.

तो आवाज मी आधी दोन दिवस ऐकला होता, पण स्वतः मारताना तो दातांत शिरतो. तीन ठोके. मग मोजत आत जायचं, सावनीला पाहायचं, ब्याऐंशी-त्र्याऐंशीला पुन्हा उंबऱ्याशी. चुलीजवळ घोंगड्यांच्या घडीत ती पडली होती. डोळे उघडे. प्रत्येक ठोक्याला तिच्या मुठी उघडायच्या आणि मिटायच्या. मी तिची नखं पाहत होते, निळी पडतात का. पडली नव्हती.

नऊ वेळा शंभर झाले. दहाव्या वेळी मी हातोडा उचलला आणि समोरच्या पांढऱ्यातून माणूस निघाला.

तो धावत नव्हता, लोटल्यासारखा येत होता. लोकरीचा चोला कमरेला दोरानं आवळलेला, भुवया गोठलेल्या. मेंढपाळ होता. वय तिशीचं असेल. मला बाजूला सारून तो आत गेला आणि चुलीपुढे गुडघ्यांवर आदळला. मी तीन ठोके घातले आणि आत वळले.

इथे माझी चूक झाली. सराईत एक रीत होती, मेहरचंदनं पहिल्याच दिवशी सांगितलेली. आत आलेल्याला पोटात चहा जाईपर्यंत काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, सोबत कोण होतं हे तर नाहीच. यशोधननं ते वहीत टिपूनही घेतलं होतं. मला ती रीत म्हणजे पाहुणचार वाटली होती.

मी विचारलं, "दुसरा कुठाय?"

त्याची पाठ ताठ झाली.

"कोण दुसरा?" तो हिंदीत बोलत होता. आज मला ते सगळं मराठीतच आठवतं.

"तुम्ही दोघं होतात. आम्ही पाहिलं. आमची माणसं तुम्हाला आणायला गेलीत."

तो सावकाश वळला. तेव्हा मला त्याची उजवी बाही दिसली. कोपरापर्यंत रक्त होतं, आणि त्याला कुठेही जखम नव्हती.

"मी एकटाच आहे," तो म्हणाला. "मागे कुणी नाही. ते वाजवणं बंद करा."

"माझा नवरा बाहेर आहे."

"बंद करा म्हटलं ना."

माझे शंभर होत आले होते. मी दाराकडे गेले, हातोडा उचलला, एक ठोका मारला. दुसरा मारायच्या आत त्यानं मागून माझा शेपटा धरला आणि मला आत ओढून भिंतीवर आपटलं. कपाळ दगडावर लागलं. वेदना नंतर आली, आधी फक्त तोंडात लोखंडाची चव आली. मी उठले, पुन्हा दाराकडे गेले. या वेळी त्यानं पोटात लाथ घातली. बाळंतपणाला नऊ महिनेच झाले होते. मी दुमडून खाली बसले, पण त्याचा पाय घट्ट धरला. पोटरीला चावले. लोकर, मीठ, मग रक्त. तो ओरडला, त्यानं माझ्या डोक्यात बुक्क्या घातल्या, एक, दोन, तीन, आणि मी मोजत होते. खरंच मोजत होते. शंभराचंच मोजत होते.

सावनी रडायला लागली.

त्यानं मला झटकलं, दोन ढांगांत चुलीपाशी गेला आणि तिला उचललं.

मी होते तिथेच थांबले.

"आता बसा," तो म्हणाला. धापा टाकत होता. "तिथे. भिंतीशी. उठलात तर हिला घेऊन मी बाहेर जाईन."

मी बसले. हातोडा उंबऱ्याजवळ पडला होता, माझ्यापासून तीन हातांवर. रूळ वाऱ्यानं नुसता हलत होता. आवाज नाही.

"एकसष्ट, बासष्ट..." माझ्या ओठांतून येत होतं.

"मोजू नका!"

मी मनात मोजू लागले. शंभर झाले. ठोके पडले नाहीत. बाहेर दोन माणसं एका दोराला बांधलेली, कड्याच्या बाजूला, कान लावून उभी असणार, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की भिंत मध्ये नसावीच.

सावनी त्याच्या खांद्यावर रडत होती. माझं लक्ष त्याच्या हातांवर होतं. आईचं लक्ष हातांवरच जातं. त्यानं तिचं डोकं तळव्यात बरोबर पेललं होतं. चोल्याची कोरडी बाजू शोधून तिच्या पायांवर ओढली होती. रक्ताळलेली बाही तिच्या तोंडापासून दूर धरली होती.

"तुम्हाला मूल आहे," मी म्हणाले.

"होती. एवढीच. गेल्या वर्षी, याच खिंडीत. ताप होता. मी भावाला म्हटलं, खाली परत फिरू. तो म्हणाला, चारशे मेंढ्या आहेत, बर्फ पडायच्या आत ओलांडलं पाहिजे, चालता चालता उतरेल ताप. तो मोठा. त्याचं ऐकायचं असतं." सावनीच्या पाठीवरून त्याचा हात वरखाली फिरत होता. "बायकोनं दोन दिवस खाली ठेवलीच नाही तिला. मेलेलीच घेऊन चालत होती."

"आणि आज?"

"आज वरही तोच बोलला. वादळ आलं तर म्हणाला, मेंढ्या हाताखालच्या पोरांबरोबर पुढे गेल्यात, बरं झालं, मेंढ्या वाचल्या." तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "माझ्या हातात काठी होती. लोखंडी टोकाची."

"मेला तो?"

"हलत होता."

दुसरे शंभर झाले. तिसरे झाले.

"मस्तू," तो एकदम म्हणाला. "माझं नाव. तुम्ही विचारलं नाही."

मी पाय पोटाशी ओढून घेत होते, एकेक बोट, हातोड्याच्या दिशेनं सरकत. दोन हात उरले. दीड.

"तुमचा नवरा चांगला माणूस आहे का?"

"हो."

"मग मला त्याचं वाईट वाटतं," मस्तू म्हणाला. ते त्यानं खरंच म्हटलं. मी आणखी एक बोट सरकले.

आणि तेव्हा बाहेरून हाक आली.

बारीक, वाऱ्यानं तुकडे केलेली. "सुऽऽलू!" यशोधन. तो डावीकडून, फार खालून ओरडत होता. जिथे असायला नको तिथून. त्याच्या पाठोपाठ मेहरचंदची शीळ. आणि मग तिसरा आवाज, घोगरा, ओरडण्यापेक्षा कण्हण्यासारखा, पण शब्द कळत होते.

"मस्तूऽऽ! ओ मस्तू! कुठायस, बाळा?"

मस्तूचा चेहरा मी पाहिला. खोटं का सांगू, मी तो पाहिला आणि मला तो वाचता आला नाही. तो हळूच वाकला. सावनीला त्यानं घोंगड्यांवर ठेवलं, डोक्याखालचा हात शेवटी काढला. मग तो वळून माझ्याकडे आला.

मी तोवर हातोडा घेऊन उभी राहिले होते. तुळईच्या खांबाला पाठ लावून.

त्यानं उजवा हात पुढे केला, तळवा वर. "द्या," तो म्हणाला. "द्या इकडे."

मी मारला.

जोरात, वरून खाली, दोन्ही हातांनी, जसा रुळावर मारत होते तसाच. मनगटावर. त्याचा हात तुळईच्या खांबावर होता की माझ्या मारानं खांबावर गेला, मला आठवत नाही. हाड मोडल्याचा आवाज मात्र आठवतो. ओल्या फांदीसारखा. तो खाली बसला आणि मी दुसऱ्यांदा मारला, बोटांवर. तो ओरडलाही नाही. हात छातीशी घेऊन भिंतीकडे सरकला. मी तिसऱ्यांदा हातोडा उचलला तेव्हा मला त्याचं डोकं दिसत होतं, विरळ केस, टोपी पडलेली. काय करणार होते मी, ते मला पक्कं माहीत आहे. सावनी रडली म्हणून मी थांबले.

मग मी वळून रूळ वाजवला. मोजलं नाही. तिनाचे पाच केले, पाचाचे पन्नास. कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि मी वाजवत होते, आणि माझ्या मागे तो तसाच बसला होता.

पाऊण तासानं ते आले. पुढे मेहरचंद, मागे यशोधन, मध्ये दोघांच्या खांद्यांवर एक पन्नाशीचा माणूस, डोक्याला मेहरचंदचा मफलर गुंडाळलेला, तो भिजून काळा झालेला. त्याचं नाव बेलीराम, हे चहानंतर कळलं.

"मध्येच आवाज बंद पडला गं," यशोधन माझ्या गळ्यात पडून म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "आम्ही उलटे चाललो होतो. अजून पंधरा पावलं... मेहरचंदनं खाली बसवलं. म्हणाला, वाजेपर्यंत हलायचं नाही." मग त्यानं माझं कपाळ पाहिलं. "हे काय?"

बेलीराम भावाकडे पाहत होता. भावाच्या हाताकडे. तो मेहरचंदच्या खांद्यावरून सुटला आणि एकदम माझ्या अंगावर धावून आला. "कुणी केलं हे? बोल! माझ्या भावाला कुणी मारलं?" मफलरातून रक्त ओघळत होतं आणि त्याच्या मुठी माझ्या तोंडापाशी होत्या.

"दादा," मस्तू कोपऱ्यातून म्हणाला. "कुणी नाही. रूळ वाजवत होतो. हातोडा निसटला, हातावर पडला."

बेलीरामच्या मुठी खाली आल्या. तो त्याच्याजवळ जाऊन बसला.

"आणि तुमच्या डोक्याला?" यशोधननं त्याला विचारलं.

बेलीरामनं भावाच्या मोडक्या हाताखाली आपला गुडघा सरकवला, आधाराला. "घसरलो," तो म्हणाला. "वर बर्फ फार आहे."

"सुलू?"

"दाराची कड लागली," मी म्हणाले.

मेहरचंदनं आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. दारात जाऊन हातोडा उचलला, त्याला चिकटलेलं कातडीचं साल बर्फात पुसलं. "बीबीजी," तो म्हणाला, "चहा ठेवा. पाच जणांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन इतकं लख्ख पडलं की डोळे उघडवेनात. मेहरचंद आणि यशोधन खालच्या गावातून डोलीसाठी माणसं आणायला गेले होते. बेलीराम आत झोपला होता, झोपेत कण्हत. मस्तू उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसला होता. मेहरचंदनं त्याच्या हाताला दोन फळ्या बांधल्या होत्या. त्यांतून बाहेर आलेली बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती. तो उजव्या हातानं लोकर कापायचा. रात्री त्याच्या भावानं ते सांगितलं होतं, अभिमानानं, दिवसाला साठ मेंढ्या म्हणून.

सावनीला कडेवर घेऊन मी त्याच्यापासून लांब, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. मग मला राहवेना.

"मस्तू."

त्यानं वर पाहिलं.

"काल तू हातोडा मागितलास. हिला खाली ठेवल्यावर. कशाला मागितलास?"

तो बर्फाकडे पाहू लागला.

"वाजवायला? भावाचा आवाज ऐकून?"

सावनीनं त्याच्याकडे बघून हात हलवला. तिला तो ओळखीचा वाटत असावा. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"हो म्हटलं तर तुम्हाला झोप लागणार नाही," तो म्हणाला. "नाही म्हटलं तर लागेल. कुठलं सांगू?"

"खरं सांग."

"खरं म्हणजे, बीबीजी, हात पुढे केला तेव्हा मला माहीत नव्हतं." त्यानं फळ्या बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "पुढच्या क्षणी कळलं असतं. तुम्ही थांबला नाहीत."

"मला थांबता येत नव्हतं."

"हो," मस्तू म्हणाला. "वर मलाही नव्हतं आलं."

आतून बेलीरामनं पाणी मागितलं. मस्तू उठायला गेला, पण रात्रभर बसून त्याचे पाय आखडले होते आणि टेकायला एकच हात होता. तो दोनदा खाली बसला. मग त्यानं डावा हात माझ्यापुढे केला, तळवा वर.

सावनीला मी दुसऱ्या कडेवर घेतलं. इकडेतिकडे पाहिलं. हातोडा कुठे आहे, ते आधी पाहिलं. मग त्याचा हात धरला.